नऊचा पाढा जनावरं घेऊन गेलाय

मागच्या महिन्यात धाकट्या मुलाचं प्रगतिपुस्तक घरी आलं. सही करण्याआधी मी बेरीज तपासली. दोन गुण जास्त धरले होते. मी शाळेत जाऊन ते कमी करून आणले. त्यामुळे त्याचा नंबर सातवरून नऊवर गेला आणि घरात दोन दिवस माझ्याशी कुणी नीट बोललं नाही. बायको म्हणाली, "दोन गुणांनी कुणाचं काय बिघडत होतं?" मी म्हणालो, चूक ती चूक.

पण ते पुस्तक मुलाच्या दप्तरात परत ठेवताना एक गोष्ट मनात आलीच. आयुष्यात मी एकदाच एका आकड्याखाली डोळे मिटून सही केली आहे, आणि तो आकडा चूक होता की बरोबर हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तो आकडा होता 'एक'. तो अंबादास गुरुजींमुळे पडला.

दुसऱ्या महायुद्धाची शेवटची वर्षं होती. आमचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. जाफराबादेपासून चार कोसांवर बोरगव्हाण नावाचं गाव. तिथल्या सरकारी शाळेत दुय्यम शिक्षक म्हणून माझी नेमणूक झाली. शाळा म्हणजे मारुतीच्या देवळाला लागून असलेली धाब्याची एक खोली आणि तिच्यापुढचा कडुलिंब. शिक्षक दोन, इयत्ता चार, पटावर सदतीस नावं. पहिल्या दिवशी मी डोकी मोजली. सोळा भरली.

गुरुजी तेव्हा पन्नाशीचे असतील. काटक बांधा, लांब कान, आणि अंगात एक कोट. त्याला तीन बटणं होती, तिन्ही वेगवेगळ्या जातींची. खोलीत खुंटीला एक लाल रुमी टोपी टांगलेली असे. ती ते फक्त साहेब यायचा असला की घालत. हातात कायम एक छत्री. तिला कापड नव्हतं, नुसता सांगाडा. मला वाटलं गरिबी असेल. पण शाळेला नकाशा मिळालेला नव्हता, म्हणून गुरुजींनी कापड मुद्दाम काढलेलं. ते छत्री उघडून जमिनीवर पालथी ठेवायचे आणि म्हणायचे, "ही आपली रियासत. या आठ काड्या आठ नद्या." एक काडी वाकलेली होती. ती पूर्णा. पूर्णा खरंच तशी वाकते.

पहिल्या तासाला मी चौथीला विचारलं, "नऊ साते किती?"

पुढं बसलेली एक अकरा वर्षांची मुलगी उठली आणि अगदी सहज म्हणाली, "गुरुजी, नऊचा पाढा जनावरं घेऊन गेलाय."

"कोण?"

"तुक्या. दिवस मावळायला येतो. मंग इचारा."

मला ती थट्टा वाटली. मी म्हणालो, "बरं, आठ साते?" कोपऱ्यातला एक मुलगा ताडकन उठला, छप्पन्न म्हणाला, आणि विचारलं नसताना आठचा पाढा पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून खाली बसला. मी खूश झालो. त्यालाच विचारलं, "आठ आणि सात मिळून किती?"

तो म्हणाला, "बेरीज माझ्याकडं न्हाई."

मी गुरुजींकडे पाहिलं. ते छत्रीच्या काडीने कान कोरत शांतपणे ऐकत होते.

दुपारी पोरं पाणी प्यायला गेल्यावर त्यांनी हजेरीचं पुस्तक माझ्यापुढं सरकवलं. "लक्ष्मणराव, तुम्ही हिशेबाचे माणूस दिसता. गेल्या साली शाळा किती दिवस भरली आणि सगळ्यांत जास्त कोण आलं, ते बघा."

शाळा दोनशे अकरा दिवस भरली होती. सगळ्यांत जास्त आलेल्या मुलाचे दिवस त्र्याऐंशी. मी ते सांगितलं, आणि माझ्या आवाजात थोडी कीव आली असावी.

"आता हे बघा, की एकबी लेकरू आलं न्हाई असे दिवस किती."

मी दोनदा पाहिलं. एकही नव्हता.

"मंग?" गुरुजी म्हणाले. "लोक म्हणतात बोरगव्हाणची लेकरं शाळेत येत न्हाईत. साफ खोटं. रोज येतात. तीच ती येत न्हाईत, येवढंच."

ते खरंच होतं. कापूस वेचणीला अर्धी शाळा रानात जायची. ज्वारी हुरड्यात आली की पाखरं राखायला उरलेली अर्धी. ज्याचा बाप आजारी तो मोटेवर, जिची आई बाळंत ती पाळण्यापाशी. एकेक मूल धरलं तर कुणालाही चौथीचं पाव पुस्तकही येणं शक्य नव्हतं. आणि वरून हुकूम आलेला होता. सलग दोन तपासण्यांत चौथीतून एकही मूल पास झालेलं नव्हतं. तिसऱ्यांदा तसं झालं तर बोरगव्हाणची चौथी बंद, आणि दुसऱ्या शिक्षकाची जागाही बंद. दुसरा शिक्षक म्हणजे मी. पोरांनी चौथीसाठी पूर्णेपलीकडच्या गावी जायचं, आणि पावसाळ्याचे चार महिने पूर्णेला उतार नसे. म्हणजे जाणार कुणीच नव्हतं.

गुरुजींनी यावर जो तोडगा काढला, तो कुठल्याही शिक्षणखात्याला सुचला नसता. तो त्यांनी गावच्या विहिरीवरून घेतला होता. बोरगव्हाणच्या मोठ्या विहिरीवर आठ घरांचे हिस्से. ज्याची पाळी त्याची मोट. कुणाची पाळी कधी, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ. "आठ घरं एका विहिरीवर जगतात," गुरुजी म्हणाले. "कुणी सगळं पाणी घरात नेऊन ठेवलंय का? मंग चौथी येकाच्याच डोक्यात कशापायी कोंबायची?"

त्यांनी चौथीच वाटून टाकली होती. पुस्तक शाळेत एकच होतं. त्याची शिवण उसवून त्यांनी सदतीस वाटे केले, मारुतीच्या पायाशी चिठ्ठ्या टाकल्या, आणि पोराटोरांनी एकेक उचलली. पहिली-दुसरीची पोरंही यात होती, कारण नुसत्या चौथीच्या मुलांत चौथी मावत नव्हती. कुणाला एक पाढा, कुणाला नद्या, कुणाला सुभ्यांची नावं, कुणाला बेरीज. ज्याचं पान त्याच्या घरी. कुणी ते देवघरात ठेवलं, कुणी आढ्याला खोचलं, एका आजोबांनी पागोट्याच्या घडीत घातलं. आपापला वाटा मात्र पक्का यायलाच हवा. मध्यरात्री उठवलं तरी.

गंमत अशी की स्वतः गुरुजीही ही वाटणी पाळत. "दान दिलेली गाय पुन्हा दारात बांधू नये," असं म्हणायचे. मला वाटलं बोलण्यापुरतं असेल. श्रावणात देवळापुढं भंडारा झाला. नऊ पंगती, दर पंगतीला आठ पानं. मारुती पाटील वाढप्याला घेऊन आले आणि गुरुजींना म्हणाले, "गुरुजी, पत्रावळी किती काढू?"

गुरुजी म्हणाले, "थांबा. तुकारामाला बोलावणं धाडतो."

"तुम्हाला येत न्हाई का?"

"येत व्हतं. आता ते त्याचं हाय."

मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मिटलं. माणूस रानात गेला. भात निवत राहिला. गाव तोंडं कोरडी करून बसलं. अर्ध्या तासाने तुक्या आला. दहा-अकरा वर्षांचा, पायांना चिखल, हातात काठी. सगळं गाव त्याच्या तोंडाकडे बघत होतं. तो जरा वेळ घेऊन म्हणाला, "बहात्तर." पाटलांनी त्याला पहिल्या पंगतीत बसवलं. त्या दिवसापासून तुक्याची आई गावात ताठ मानेनं चालायला लागली असं माझ्या लक्षात आलं.

गुरुजींच्या बायकोला गाव माई म्हणे. एकदा मी त्यांच्याकडे जेवायला होतो. गुरुजी म्हणाले, "आमटीला मीठ न्हाई." माई म्हणाल्या, "मीठ कुणाच्या वाट्याला आलंय ते वहीत बघा, मंग त्याच्याकडं मागा." गुरुजी मुकाट्याने जेवले.

वाटणी म्हटली की भांडण आलंच. सख्खे भाऊ महादू आणि विठोबा एका सकाळी शाळेत आले. महादूच्या मुलाला तेराचा पाढा निघाला होता, विठोबाच्या मुलाला दहाचा.

"हा भाऊहिस्सा बराबर न्हाई, गुरुजी," महादू म्हणाला. "त्याला काळी जमीन, आम्हाला बरड. दहाचा पाढा तर आपसूक उगवतो. तेराला किती राबावं लागतं."

"चिठ्ठी मारुतीनं काढली," विठोबा म्हणाला.

"मारुतीला काय पाढे येतात व्हय?"

गुरुजींनी दोघांनाही बसवून घेतलं आणि तेराच्या पाढ्यावर एक कविता वर दिली. महादू समाधानाने गेला. जाताना म्हणाला, "आता बिलकुल बराबर." कविता कशाची होती ते त्याने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी किराणा दुकानवाले किसनलाल शेठ आले. त्यांच्या मुलाला नद्या निघाल्या होत्या. "गुरुजी, दुकानात बसून मी नदीचं काय करू?" ते म्हणाले. "पावकी-निमकी कोणाकडं हाय सांगा, मी अदलाबदल करून घेतो." पावकी, म्हणजे पाव-पाऊणचे पाढे, एका कोळ्याच्या मुलाकडे होती. त्याला नद्याच हव्या होत्या. गुरुजींनी दोघांना समोरासमोर उभं करून वहीत अदलाबदल नोंदवली आणि दोन्हीकडून अंगठे घेतले. ही वही मी पाहिली आहे. 'वाटणीची वही' म्हणून ती निराळी होती, आणि खरं सांगायचं तर हजेरीपेक्षा ती जास्त नीट ठेवलेली होती.

मी त्यांना एकदा स्पष्ट म्हणालो, "गुरुजी, ही फसवणूक आहे. यातल्या एकालाही चौथी येत नाही."

ते म्हणाले, "गावाला येते की."

"गावाची परीक्षा कोण घेतो?"

"मुहतमिमसाहेब जमातीकडं तोंड करून सवाल टाकतात. ज्याला येतं तो उठतो. दोन साल झाले, कुणीच उठलं न्हाई. आता दर सवालाला कुणी ना कुणी उठंल. यात खोटं काय?"

मुहतमिमसाहेब म्हणजे शाळा तपासणारे साहेब, आणि जमात म्हणजे वर्ग.  मी माझी जागा राहावी म्हणून गप्प बसलो की खरंच उत्तर सुचलं नाही, हे मी आजही सांगू शकत नाही.

मी शाळेत रुजू झाल्यावर पंधरा दिवसांतच गंगूचं लग्न झालं होतं. गंगू म्हणजे पहिल्या दिवशी मला तुक्याचा पत्ता देणारी मुलगी. ती धावड्याला दिली आणि लगेच नांदायला गेली. तिच्या बापाला पाटलांनी खूप सांगून पाहिलं की पोर लहान आहे. ते चाललं नाही. गुरुजी मांडवात शेवटपर्यंत एका खांबाला टेकून बसले होते. जेवले नाहीत. वरात निघाल्यावर मला म्हणाले, "लक्ष्मणराव, भागाकार गेला."

भागाकार गंगूकडे होता. दुसऱ्या कुणाला द्यावा तर गुरुजी तयार होईनात. तिनं तो सोडलेला नाही, तर दुसऱ्याला कसा द्यायचा, असं त्यांचं म्हणणं.

मार्गशीर्षात तपासणीचा कागद आला. ऐन वेचणीत. गुरुजींनी कोट घातला, बैलगाडी जुंपायला लावली आणि मला म्हणाले, "चला. लेक आणायला जायचं." सासरहून लेक आणायला जो जातो त्याला आपल्याकडे मुराळी म्हणतात. तो भाऊ असतो नाहीतर काका. मुराळी म्हणून शाळामास्तर गेल्याचं मी तरी दुसरं ऐकलेलं नाही.

गंगूचा सासरा ओसरीवर सुतळी वळत बसला होता. पाणी झालं, पान झालं. मग तो म्हणाला, "मुराळी आलात खरं, पण आत्ता सण कोणता?"

"मुआइना," गुरुजी म्हणाले. मुआइना म्हणजे तपासणी.

"हा कोणाचा सण?"

"सरकारचा."

सासऱ्याने सुतळी खाली ठेवली. "मास्तर, तिच्या भागाकाराचं आमच्या कानावर आलंय. चांगलाय. परवा चुलत्यांची खळ्यावरची वाटणी तिनंच करून दिली, भांडण झालं न्हाई. पण लेक दिली म्हंजे लेकीसंगं आलेलं सगळं दिलं. तिच्या पायांतले वाळे मागता का वापस?"

"लेक तुमचीच," गुरुजी म्हणाले. "वाळे बी तुमचे. भागाकार मात्र गावचा हाय. चार दिवस द्या, पाचव्या दिवशी जसाच्या तसा आणून सोडतो."

आतून सासूचा आवाज आला. "जाऊ द्या तिला. पोर आल्यापासून हसली न्हाई." आणि मग गंगूला म्हणाली, "जा. पर येताना भागाकार घेऊन ये. तिकडंच ठेवून येऊ नको."

गंगू गाडीत बसली. गाडीनं धावड्याची शीव ओलांडली. मग गुरुजींनी तिला एकशे चव्वेचाळीस भागिले बारा विचारलं. तिनं उत्तर दिलं आणि हसली.

तपासणीच्या दिवशी सकाळी गुरुजी रुमी टोपी घालून सगळ्या रानांतून फिरले. "तास-दोन तास लेकरू द्या," एवढंच म्हणायचे. लोकांनी दिली. सदतीसपैकी सदतीस. त्या शाळेत मी पूर्ण हजेरी तेवढी एकदाच मांडली. पोरं कमरेला बांधलेल्या कापसाच्या ओट्यांसकट येऊन बसली. पोरांच्या मागं आयाबाया, त्यांच्या मागं गडी, सगळ्यांत मागं पाटील. शाळा रस्त्यापर्यंत गेली होती.

मुहतमिमसाहेब नवीन निघाले. बारीक चणीचे, चष्म्याचे, फार सभ्य. पहिल्या रांगेत नऊवारीतली गंगू पाहून त्यांनी हळूच विचारलं, "ये मोहतरमा?"

"चौथी, साहेब," गुरुजी म्हणाले.

साहेब गोंधळले, पण पुढं गेले. खुर्चीवर बसून त्यांनी सांगितलं की पूर्वीच्या साहेबांची रीत त्यांना पसंत नाही. सगळ्या जमातीला विचारलं की हुशार मुलाच्या आडोशाला बाकीची लपतात. ते एकच मुलगा उभा करतील आणि सगळं त्यालाच विचारतील. तो पास तर चौथी राहील.

मी गुरुजींकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. हातातली छत्री मात्र आपोआप उघडली.

साहेबांनी बोट केलं ते नेमकं भिक्याकडे. भिका म्हणजे बलुतं मागणाऱ्या घरचं सगळ्यांत बारकं पोर. त्याच्याकडे आमच्या रियासतीच्या चतुःसीमा होत्या. त्यापलीकडे काही नव्हतं.

"नौ छक्के?" साहेबांनी विचारलं.

भिका जराही न घाबरता म्हणाला, "ते तुक्याकडं हाय, साहेब." आणि तुक्याकडे बोट केलं. तुक्या उठून चोपन्न म्हणाला आणि बसला.

"उससे नहीं, तुमसे पूछा."

"माझ्याकडं ते न्हाई."

"पूर्णा कुठं मिळते?"

"कोळ्याच्या रामाकडं." रामा उठला. सांगून बसला.

"दोनशे सोळाला आठने भागा."

"गंगूताईकडं." सत्तावीस आले.

साहेबांचा आवाज थोडा चढला. ते भराभर विचारायला लागले, आणि भिका भराभर बोट करायला लागला. सुभे, पाढे, महिने, पावकी, उर्दूची अक्षरं. पोरं उठत होती, बसत होती. माझ्या सवयीप्रमाणे मी कागदावर रेघा मारत होतो. सव्वीस प्रश्न. सव्वीस उत्तरं बरोबर. भिक्याचं बोट एकदाही चुकलं नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की कुणाकडे काय आहे हे त्या पोरांना कुणी शिकवलंच नव्हतं. विहिरीची पाळी जशी माहीत असते तसं ते माहीत होतं.

"और तुम्हारे पास क्या है?" साहेबांनी शेवटी विचारलं.

भिक्याने हात जोडून रियासतीच्या चारी सीमा सांगितल्या.

साहेबांनी चष्मा काढला आणि गुरुजींकडे वळले. "मौलवीसाब, और आप के पास?" सरकारी शाळेतल्या मास्तराला तेव्हा मौलवीसाबच म्हणत.

गुरुजी म्हणाले, "माझ्याकडं काही न्हाई साहेब. सगळं वाटून टाकलं."

साहेब बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग त्यांनी मला जवळ बोलावून रेघा मोजायला लावल्या. मी सांगितलं, सवाल सव्वीस, जवाब सव्वीस, तोंडं सव्वीस. ते उर्दूत स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, की यातल्या एकालाही पास करता येत नाही, आणि एकही उत्तर चुकलेलं नसताना नापासही करता येत नाही. माणूस प्रामाणिक होता. आकड्यांच्या बाबतीत त्यांची आणि माझी जात एक होती. शेवटी त्यांनी तपासणीच्या तक्त्यात 'कामयाब' या रकान्यात लिहिलं: एक.

पण तक्त्यात पुढं नावाचा रकाना होता.

"नाव?" साहेबांनी विचारलं.

गुरुजी म्हणाले, "लिहा, बोरगव्हाण."

"वालिद का नाम?"

इथं मागं गलका झाला. पाटील म्हणाले, गावाचा बाप म्हणजे गावचा पाटील, माझं नाव घाला. महादू म्हणाला, मग आमच्या घराला काय उरलं. माई मागून म्हणाल्या, "देवाचं नाव घाला आन् वाद मिटवा." साहेबांनी लिहिलं, वल्द मारुती. पाटलांचंही नाव मारुतीच असल्याने तेही खूश झाले. वयाच्या रकान्यात साहेबांनी अंदाजे असं लिहून पुढची जागा मोकळी सोडली. साक्षीदार म्हणून खाली मला सही करायला सांगितली. मी केली. तीच ती सही.

चौथी राहिली. माझी जागा राहिली. गंगूला गुरुजींनी पाचव्या दिवशी खण-चोळी देऊन धावड्याला पोचवलं आणि सासूला सांगितलं, "मोजून घ्या, पूर्ण हाय."

तीन महिन्यांनी शिक्क्याची सनद आली. बोरगव्हाण वल्द मारुती, चौथी पास. ती कुणाकडे ठेवायची? विहिरीच्याच पाळीने, दर महिन्याला एका घरी. ज्या घरी सनद, त्या घरची बाई त्या महिन्यात पाणवठ्यावर पहिली घागर भरी. मला मात्र सनदेवरच्या त्या 'बोरगव्हाण' नावाच्या मुलाने छळलं. पटावर नावं सदतीस, पास झाला तो अडतिसावा, आणि त्याची हजेरी एकाही दिवसाची नाही. मी गुरुजींना म्हणालो, "हा मुलगा शाळेत कधी आला?"

"रोज येतो की," ते म्हणाले. "तुम्हीच मोजलंय. एकबी दिवस नागा न्हाई."

पुढचे दिवस सांगायला अवघड आहेत. रझाकारांची दहशत वाढली तशी सरहद्दीजवळची गावं ओस पडायला लागली. बोरगव्हाणहून वऱ्हाडची हद्द जवळ. एकेक घर बैलगाडीत बसून पलीकडे गेलं. मीही घरच्यांसाठी माझ्या गावी, परतूरला, परतलो. गुरुजी शेवटपर्यंत राहिले असं नंतर कळलं. जाणाऱ्या प्रत्येक गाडीपाशी ते वही घेऊन उभे राहत आणि पोराला म्हणत, "तुझ्याकडं काय हाय?" पोरगं सांगे. "संभाळ," म्हणत, आणि वहीत त्या नावापुढं गाव लिहून घेत.

पोलीस अ‍ॅक्शननंतर महिनाभराने माझी बदली परतूरलाच झाली. चार्ज द्यायला मी बोरगव्हाणला गेलो. खोलीचं धाबं एका कोपऱ्यात बसलं होतं. खुंटी होती, टोपी नव्हती. गुरुजी कडुलिंबाखाली बसलेले होते, पूर्वीपेक्षा वाळलेले. समोर पोरं. मी मोजली. एकवीस.

त्यांनी मला नमस्कार केला नाही. वही उघडून म्हणाले, "तेराचा पाढा आला. नद्या आल्या. बेरीज काल आली, चिखलीहून. भागाकार धावड्याला सुखरूप हाय, मी जाऊन बघून आलो. लेकुरवाळी झाली." मग त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. तिथं गावाचं नाव लिहिलेलं नव्हतं.

"तुक्या?" मी विचारलं.

"ज्या दिवशी ते घर गेलं त्या दिवशी मी जाफराबादेला गेल्तो. कुणीकडं गेलं ते कुणालाच ठावं न्हाई. सनद बी त्या महिन्यात त्यांच्याच घरी व्हती."

मी म्हणालो, "गुरुजी, नऊचा पाढा दुसऱ्या कुणाला देऊन टाका. नवीन पोरांना लागेल."

ते म्हणाले, "तो येईल तवा त्याच्याकडं काय असंल मंग?"

मी कागदांवर सह्या केल्या. गाडी जुंपली होती. मी बसलो तेव्हा गुरुजींनी पोरांना पाढे सांगायला लावले, ज्याचा त्याने, ओळीने. गाडी शिवेकडे निघाली. मागं दोनचा झाला, तीनचा झाला. वळणावर सातचा ऐकू आला. आठचा कुणीतरी मोठ्याने म्हटला, आठ दाहे ऐंशी. आणि मग काहीच ऐकू आलं नाही.

मला वाटलं आपण लांब आलो. मी गाडीवानाला बैल थांबवायला सांगितलं. वारा गावाकडूनच होता. मागं वळून पाहिलं तर लिंबाखाली पोरं ताठ बसलेली होती, आणि गुरुजी छत्री गुडघ्यावर ठेवून समोरच्या एका मोकळ्या जागेकडे बघत होते, ऐकत असल्यासारखे. माझ्या सवयीने मी मनात म्हणायला लागलो. नऊ एके नऊ. नऊ दुणे अठरा. घाई केली नाही. नऊ नवे एक्क्याऐंशी. नऊ दाहे नव्वद.

मी नव्वदवर पोचलो, आणि तिकडून विठोबाच्या पोराने दहाचा पाढा सुरू केला.